इनामा: वाकल्याशिवाय न दिसणारं पुस्तकांचं दुकान

नैरोबीत कुणालाही 'इनामा बुकशॉप कुठंय' असं विचारलं, तर समोरचा माणूस पाटी असलेलं दुकान दाखवत नाही, फुटपाथ दाखवतो. स्वाहिलीत 'इनामा' म्हणजे 'वाक'. जमिनीवर ताडपत्री, ताडपत्रीवर पुस्तकं, आणि नाव वाचायचं तर कमरेतून वाकायचंच. मराठीत आपण याला पथारी म्हणू. टॉम म्बोया स्ट्रीट, मॉय अव्हेन्यू आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांत अशा पथाऱ्या किती तरी आहेत. मी लिहितेय ती त्यांतल्या एकीबद्दल. तिथं मी गेली बारा-तेरा वर्षं बहुतेक शनिवारी जाते.

मी मूळची सांगलीची. इथं एका शाळेत गणित शिकवते. 2010 साली नवऱ्याच्या नोकरीमुळं आलो, तेव्हा या खंडातल्या लेखकांपैकी मला चिनुआ अचेबे हे एकच नाव माहीत होतं, तेही कॉलेजात इंग्रजीच्या पेपरला होते म्हणून. पहिली दोन वर्षं घर, शाळा, भाजी आणि भारतातून आणलेले दिवाळी अंक यांतच गेली. ज्या शहरात राहतो त्या शहरातली माणसं काय लिहितात, हे आपण विचारलंसुद्धा नाही, याची खंत मला पुढं फार वाटली. ती भरून काढायला या पथारीनं जेवढी मदत केली तेवढी दुसऱ्या कुणीच केली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

जागा अशी. मॉय अव्हेन्यूवर केनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची दगडी इमारत आहे. ती आधी बँकेची होती. आता तळमजल्यावर जोसेफ मुरुंबी यांचा कलासंग्रह आहे. मुरुंबी 1966 साली केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे वडील गोव्याचे, आई इथल्या मसाई जमातीची. कुणी गोव्याहून आलं की मी आधी त्यांना इथं नेते आणि मग पथारीकडं. समोर टॉम म्बोया या केनियाच्या मंत्र्यांचा पुतळा. 5 जुलै 1969 ला त्यांना याच मॉय अव्हेन्यूवर गोळ्या घातल्या, तेव्हा रस्त्याचं नाव गव्हर्न्मेंट रोड होतं. पुतळ्यापासून टॉम म्बोया स्ट्रीटकडं वळलं की मटाटूंचे, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसचे, कंडक्टर ओरडत असतात, मोबाइलची कव्हरं, मोजे, सोललेला ऊस विकणारे बसलेले असतात, आणि एका बंद शटरच्या पायरीला लागून आमची पथारी.

ताडपत्री साधारण दीड खाटेएवढी. पुढच्या रांगेत शाळेची 'सेट बुक्स', म्हणजे बारावीसारख्या परीक्षेला नेमलेल्या कादंबऱ्या आणि नाटकं. धंदा चालतो तो यांच्यावर. दुसऱ्या रांगेत बायबलं, नर्सिंगची आणि अकाउंट्सची जाडजूड पुस्तकं, श्रीमंत कसं व्हावं छापाची. तिसऱ्या रांगेत इंग्रजी प्रेमकथा. शटरला टेकून चौथी रांग, तिच्यात हाइनमन या प्रकाशकाच्या 'आफ्रिकन रायटर्स सिरीज'ची नारिंगी पाठीची जुनी पुस्तकं, 1962 साली सुरू झालेली ती मालिका. आणि त्या रांगेच्या टोकाला एक केळ्यांचा खोका. खोक्यात काय आहे ते विचारल्याशिवाय कळत नाही आणि पहिली काही महिने मी विचारलं नाही. आजचे कवी, आजचे कथाकार, नियतकालिकं, निबंध, फोटोंची पुस्तकं, सगळं त्या खोक्यात.

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी त्यांना 'काका' म्हणते आणि ते मला 'मामा'. सांगलीत कुणी ऐकलं तर गोंधळ उडेल. स्वाहिलीत काका म्हणजे भाऊ, मामा म्हणजे आई, आणि दादा म्हणजे बहीण. बाबा तेवढे दोन्हीकडं बाबाच. माझी मुलगी लहानपणी सोबत यायची तेव्हा ते तिला 'दादा' म्हणायचे आणि ती खुशीत असायची. काका साठीच्या आसपासचे, केनियातल्याच नाकुरू गावाकडचे. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. विकायला ठेवलेलं पुस्तक त्यांनी वाचलेलं असतं, निदान अर्धं तरी, आणि ते लपवत नाहीत: "मामा, यातलं शेवटचं प्रकरण मला जमलं नाही. तुम्ही वाचा आणि सांगा."

खोक्यातून पहिली वस्तू हाती आली ती 'क्वानी?'चा पहिला अंक. 2003 सालचा. 'क्वानी?' या शब्दाचा अर्थ 'का बरं?' आणि 'मग काय झालं?' या दोन्हींच्या मधला, बोलण्यातला. बिन्यावांगा वाइनाइना या नाकुरूच्याच लेखकाला 2002 साली आफ्रिकन कथेसाठीचा केन पुरस्कार मिळाला. परत येऊन त्यानं मित्रमैत्रिणींसोबत हे नियतकालिक काढलं, कारण केनियात नवं लिहिणाऱ्यांना छापणारं कुणी नव्हतं; प्रकाशकांचा सगळा भर शाळेच्या पुस्तकांवर. ज्यांनी आपल्याकडची साठच्या दशकातली अनियतकालिकं चाळलीत त्यांना हा अंक हातात घेतल्यावर ओळखीचं वाटेल. कथेच्या शेजारी व्यंगचित्र, कवितेनंतर मुलाखत, मध्येच फोटो. आणि काही मजकूर थेट शेंगमध्ये. शेंग ही नैरोबीच्या पूर्वेकडच्या वस्त्यांतल्या पोरांची भाषा. स्वाहिली, इंग्रजी, किकुयू, लुओ यांचं मिश्रण आणि दर दोन वर्षांनी बदलणारी. मला तिच्यातलं निम्मं कळेना. मी अडलेले शब्द वहीत लिहून न्यायचे आणि काका अर्थ सांगायचे. 'कराओ' म्हणजे पोलीस, हा त्यांच्याकडून शिकलेला पहिला शब्द.

त्याच अंकात इव्हॉन आधिआंबो ओवूर यांची 'वेट ऑफ व्हिस्पर्स' ही दीर्घकथा आहे. तिला 2003 चा केन पुरस्कार मिळाला. म्हणजे नुकत्याच निघालेल्या, कुणी न ऐकलेल्या नियतकालिकातल्या कथेनं तो जिंकला. रवांडातला एक खानदानी माणूस 1994 मध्ये आई, बहीण आणि होणारी बायको यांना घेऊन जीव वाचवत नैरोबीला येतो. चार दिवसांत परत जाऊ किंवा युरोपला जाऊ असं त्याला वाटत असतं. हळूहळू त्याची भाषा, शिक्षण, घराणं, सगळं गळून पडतं आणि उरतो फक्त 'निर्वासित' हा एक शब्द. ही कथा वाचली त्या वर्षी मीही इथं परवान्याच्या रांगेत उभी राहून आले होते. माझ्या हातात नवऱ्याच्या कंपनीचं पत्र होतं, म्हणून मला खुर्ची मिळाली. माझ्या मागं एक बाई तीन पोरांसह जमिनीवर बसली होती. तिच्याकडं मी तेव्हा नीट पाहिलंही नव्हतं. कथा संपवली आणि ती बाई मला आठवली, तिच्या धाकट्याच्या पायातला एकच बूट आठवला. त्या अंकाला मी दोनशे शिलिंग दिले होते, तेव्हाचे. आता तोच अंक दिसला तर काका हजार सांगतील आणि मी देईन.

वाइनाइनांचा आफ्रिकेबद्दल कसं लिहावं हा निबंध पुष्कळांना माहीत असेल. 2005 साली 'ग्रँटा' या ब्रिटिश नियतकालिकात आला. परदेशी लेखकांना दिलेल्या सूचना अशा रूपात आहे आणि जागोजागी चटका देतो. मला तो 'क्वानीनी' मालिकेतल्या खिशात मावणाऱ्या पुस्तिकेत मिळाला. ही 'क्वानी?'चीच लहान भावंडं. नावात पुन्हा शब्दखेळ, कारण 'क्वा नीनी' म्हणजे 'का?'. वाचून मी घरी पाठवलेले फोटो काढून बसले. सगळे मसाई मारा अभयारण्यातले: सिंह, बाभळीमागं मावळणारा सूर्य, लाल शुका पांघरलेली माणसं. आमच्या इमारतीच्या राखणदाराचा, शाळेतल्या सहकाऱ्यांचा, मटाटूचा एकही नव्हता. पुढच्या आठवड्यापासून मी ते काढायला लागले.

21 मे 2019 ला वाइनाइना गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या शनिवारी पथारीवर पुढच्या रांगेतली सेट बुक्स उचलून काकांनी तिथं 'क्वानी?'चे अंक मांडले होते, वाइनाइनांच्या आठवणींचं 2011 चं पुस्तक होतं, त्या बारक्या पुस्तिका होत्या. भाव विचारला तर म्हणाले, "आज विकायचं नाही, आज बघायचं." महिन्याचा शेवट, शाळांचे दिवस, धंद्याचा शनिवार. त्यांनी तो सोडला. आमच्या गावचा मुलगा, एवढंच परत परत म्हणत होते. 2014 मध्ये वाइनाइनांनी आपण समलिंगी असल्याचं जाहीर लिहिलं, तेव्हा याच पथारीवर मी गिऱ्हाइकांना त्यांचं पुस्तक ढकलून देताना पाहिलं होतं. काकांनी तेव्हाही ते खोक्यातून काढून टाकलं नव्हतं.

कादंबऱ्यांत या खोक्याचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण म्हणजे 'किंटू'. जेनिफर नान्सुबुगा माकुंबी युगांडाच्या, राहतात मँचेस्टरला. हस्तलिखित ब्रिटनमध्ये नाकारलं गेलं, फार आफ्रिकन आहे म्हणून. मग त्यांनी ते 'क्वानी?'च्या हस्तलिखित स्पर्धेला नैरोबीला पाठवलं आणि 2013 मध्ये ते पहिलं आलं. 2014 मध्ये इथंच छापलं. अमेरिकी आवृत्ती 2017 ची आणि ब्रिटिश त्याच्याही नंतरची. माझ्याकडं नैरोबीची पहिली आहे, कोपरे दुमडलेली, चहाचा डाग पडलेली.

सुरुवात 2004 सालच्या कंपालातली. ब्वाइसे या वस्तीत जमाव एका माणसाला ठार मारतो. आणि तिथून कथा थेट 1750 मध्ये बुगांडा राज्यात जाते. किंटू किद्दा हा सरदार राजधानीला निघालेला असतो, वाटेत दत्तक घेतलेल्या मुलाला तो रागानं एक चापट मारतो आणि मुलगा मरतो. मुलाच्या खऱ्या बापाचा शाप पिढ्यानपिढ्या घराण्यामागं लागतो. आपल्याकडं कुलदोष, निर्वंश, पूर्वजांचं अडलेलं कार्य हे शब्द अजून घराघरांत आहेत. सांगलीकडं नारायण नागबळीसाठी त्र्यंबकेश्वरला गेलेली पाच तरी कुटुंबं मला ठाऊक आहेत, आमचं धरून. त्यामुळं शाप आहे की नाही हा प्रश्न लेखिका उघडा ठेवते आणि माणसं त्याच्याशी कशी वागतात तेवढं दाखवते, हे मला फार जवळचं वाटलं. एका पात्राला ते वेड वाटतं, एकाला सैतान, एकाला आजार. शेवटी सगळं कूळ जुन्या गावी एकत्र जमतं तो भाग मी दोनदा वाचला. नावांचा गुंता आहे, खोटं कशाला सांगू. जुळ्यांची नावं ठरलेली असतात, मुलगे वास्वा आणि काटो, मुली बाबिर्ये आणि नाकाटो, त्यामुळं प्रत्येक पिढीत तीच नावं येतात. मी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं वंशावळ काढली. ती काकांनी पाहिली आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी एका कागदावर उतरवून घेतली.

कवितेच्या बाबतीत मात्र ही पथारी गरीब आहे. याला काकांचा इलाज नाही. कवितासंग्रह कमी छापले जातात आणि ज्यांच्याकडं असतात ते विकत नाहीत. खोक्यात जुनं 'साँग ऑफ लाविनो' हमखास मिळतं, ओकोट प'बिटेक यांचं, 1966 सालचं. ते शाळांना लागायचं. आजच्या कवितेसाठी मी चार वर्षं विचारत होते. मग एकदा शहर सोडून जाणाऱ्या कुणाचं तरी सगळं कपाट काकांनी उचललं आणि त्यात क्लिफ्टन गाचागुआ यांचं 'मॅडमन अॅट किलिफी' निघालं. आफ्रिकन कवींच्या पहिल्या संग्रहासाठी दिल्या जाणाऱ्या सिलरमन पुरस्काराचे हे पहिलेच मानकरी, 2013 चे. पुरस्कारामागं कवी क्वामे डॉज यांचा आफ्रिकन पोएट्री बुक फंड आहे. संग्रह छापला अमेरिकेत, नेब्रास्का विद्यापीठानं. नैरोबीच्या कवीचं पुस्तक नेब्रास्काहून नैरोबीच्या फुटपाथवर यायला किती वळसे पडले असतील! कविता अवघड आहेत. एका ओळीतून दुसरीत जाताना पायाखालची फळी सरकते. मी एकेक कविता आठवडाभर ठेवते, शाळेच्या बसमध्ये वाचते, आणि मला त्या आवडतात हे कळायला दोन महिने लागले.

आता फोटो. फोटोंचं पुस्तक फुटपाथवर क्वचितच येतं, कारण ते मुळातच महाग, जड, आणि पावसात पहिलं खराब होणारं. या तेरा वर्षांत मला चांगली अशी तीनच मिळाली. त्यातलं एक विकत घेतल्याचा दिवस सांगायलाच हवा.

'केनिया बर्निंग'. 2007 च्या डिसेंबरातल्या निवडणुकीनंतर दोन महिने जी हिंसा झाली, तिची छायाचित्रं. अकराशेहून जास्त माणसं मेली, लाखो बेघर झाली. गोडाउन आर्ट्स सेंटरनं 2008 मध्ये या फोटोंचं प्रदर्शन भरवलं आणि 2009 मध्ये पुस्तक काढलं, स्वाहिली आणि इंग्रजीत. बॉनिफेस म्वांगी तेव्हा विशीतले वृत्तपत्र छायाचित्रकार होते. त्यांचे फोटो त्यात आहेत. पुढं त्यांनी 'पिचा म्टानी' या नावानं, म्हणजे गल्लीतली चित्रं, असेच फोटो गावोगावच्या रस्त्यांवर लावून लोकांना त्यावर बोलायला लावलं.

हे पुस्तक खोक्याच्या अगदी तळाला होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी सोडायला लागले तर काका म्हणाले, "इथं नको मामा." मला कळेना. त्यांनी ते माझ्याकडून घेतलं, पायरीवर बसले, मला शेजारी बसायला सांगितलं आणि स्वतः एकेक पान उलटायला लागले. पोले पोले, म्हणजे सावकाश. किबेरा या नैरोबीतल्या झोपडवस्तीतले उखडलेले रेल्वेचे रूळ. हातात दगड घेतलेला मुलगा, माझ्या नववीतल्या मुलांएवढा. जळालेल्या घराच्या चौकटीत उभी बाई. मध्ये एक पान त्यांनी न बघता उलटलं. मी विचारलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले की जानेवारी 2008 मध्ये ते नाकुरूला होते, भावाचं दुकान होतं तिथं. एवढंच. 'होतं' वर थांबले. मी "पोले" म्हणाले. स्वाहिलीत एकदा म्हटलं की तो दुःखात सहभागी असल्याचा शब्द होतो.

पुस्तकाचे त्यांनी पंधराशे सांगितले, मी घासाघीस केली नाही. छपाईबद्दल बोलायचं तर कागद जाड आहे, रंग काही पानांवर जरा गडद उतरलेत, मथळे थोडक्यात आहेत आणि ते बरं आहे. ते आमच्या घरात वरच्या फळीवर असतं. आमच्याकडं कामाला येणाऱ्या मावशींनी एकदा पुसताना ते उघडलं आणि मग त्या दिवशी आम्ही दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बसलो. त्या काय म्हणाल्या ते त्यांचं आहे, इथं लिहीत नाही. पण दोन वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाशी ते बोलणं त्या पुस्तकाशिवाय झालं नसतं.

आता जे खटकतं ते. या भागातल्या पथाऱ्यांवर नकली प्रती खूप असतात. नव्या, गाजलेल्या कादंबऱ्या महिन्याभरात फोटोकॉपीसारख्या छापून येतात. मी एकदा घाईत, दुसऱ्याच एका पथारीवरून, एका नायजेरियन लेखिकेची कादंबरी घेतली. घरी येऊन बघते तर पान 176 नंतर पुन्हा 161. पुढची सोळा पानं गायब. ओळखायच्या खुणा सांगते: मुखपृष्ठावरची अक्षरं कडांना फुटलेली, कागद वर्तमानपत्रासारखा करडा, समास इतका कापलेला की शेवटची अक्षरं शिवणीत जातात, आणि पाठ उघडताना डिंकाचा करकर आवाज. खरी जुनी प्रत असेल तर आत कुणाचं तरी नाव, शाळेचा शिक्का, वाळवंटी पिवळेपणा सापडतो.

आमच्या काकांकडंही पुढच्या रांगेत नकली असतात. यावरून मी त्यांच्याशी भांडले आहे. त्यांचं म्हणणं असं की सेट बुकची खरी प्रत घ्यायला ज्या आईकडं पैसे नाहीत ती माझ्याकडं येते, तिला मी काय सांगू? नव्या पुस्तकांचे भाव खरंच आवाक्याबाहेर आहेत. 2013 च्या कायद्यानं पुस्तकांवर 16 टक्के व्हॅट लागला तेव्हापासून तर जास्तच. त्यांचं मला कळतं आणि तरी पटत नाही. माकुंबींचं पहिलं पुस्तक छापायला नैरोबीत कुणीतरी पदरचे पैसे घातले म्हणून ते आज आहे. त्याची नकली प्रत विकली तर पुढची 'किंटू' कोण छापणार? आमचा तह झालाय तो असा: खोक्यात नकली ठेवायची नाही. ते त्यांनी आजवर पाळलंय. आणि मी माझ्यापुरतं ठरवलंय की हयात लेखकाचं जुनं पुस्तक इथं आवडलं, तर त्याचं पुढचं नव्यानं, दुकानातून, पूर्ण किमतीला घ्यायचं. ओवूरबाईंची 'द ड्रॅगनफ्लाय सी' मी तशीच घेतली.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी नऊच्या सुमारास जा, गर्दी कमी असते आणि वाकायला जागा मिळते. पिशवी पुढं घ्या, मोबाइल आत. पैसे एम-पेसानं, म्हणजे मोबाइलवरून, देता येतात, सुटे शोधायला नकोत. मार्च ते मे मोठा पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. त्या दिवसांत ढग आले की ताडपत्री चारी कोपऱ्यांनी उचलून दोन मिनिटांत दुकान गायब होतं, आणि नंतरच्या आठवड्यात पुस्तकांना ओल्या पोत्याचा वास येतो. घरी आणून दोन दिवस उन्हात उभी करून ठेवा, पानं पंख्यासारखी उघडून. जुनी कादंबरी शंभर ते तीनशे शिलिंगांत येते. शंभर म्हणजे आपले साधारण पासष्ट रुपये. 'बेई गानी?' म्हणजे भाव काय, एवढं स्वाहिलीत विचारलंत तर पहिला आकडाच कमी सांगितला जातो. परत घेण्याची सोय अशी काही नाही. पण वाचून झालेलं पुस्तक नेऊन दिलं तर निम्म्या भावात दुसरं मिळतं, आणि माझ्या मते या दुकानाची सगळ्यात चांगली सेवा तीच. गुडघे दुखत असतील तर तसं सांगा. काका स्वतःचं स्टूल देतात आणि खोका तुमच्या मांडीवर ठेवतात.

ज्यांना वाकणं शक्यच नाही किंवा विकत घ्यायचं नाही, त्यांच्यासाठी दहा मिनिटांवर बांडा स्ट्रीटला मॅकमिलन लायब्ररी आहे. 1931 ची इमारत, दारात दोन सिंह, ग्रीक देवळासारखे खांब. कित्येक वर्षं तिथं फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. वांजिरू कोइनांगे आणि अँजेला वाचुका यांनी 2017 मध्ये 'बुक बंक' ही संस्था काढून ती आणि तिच्या कालोलेनी व माकाडारा इथल्या शाखा सुधारायचं काम अंगावर घेतलं. वाचुका आधी 'क्वानी?' सांभाळत होत्या. कोइनांगे यांची 'द हॅवॉक ऑफ चॉइस' ही 2019 ची कादंबरी 2007 च्याच निवडणुकीबद्दल आहे, एका राजकारणी घराच्या आतून पाहिलेली. 'केनिया बर्निंग'मधले फोटो पाहिल्यावर ती वाचावी, त्याआधी नको.

तारे द्यायचे तर निवडीला पाच, कवितेला दोन, कागदाच्या अवस्थेला तीन, आणि सल्ल्याला, म्हणजे काकांना, जेवढे छापता येतील तेवढे.

'क्वानी?'चे माझ्याकडं आता पाच अंक आहेत. पाचवा अंक दोन भागांत निघाला होता, निवडणुकीनंतरच्या त्याच दिवसांबद्दल, लोकांच्या साक्षी आणि फोटो घेऊन. त्याचा दुसरा भाग मला मिळालाय, पहिला नाही. गेल्या शनिवारी काका म्हणाले, नैरोबीतल्याच न्गारा भागातल्या एका बाईंकडं आहे, पण त्या द्यायला तयार नाहीत, बदल्यात काहीतरी चांगलं मागतायत. मी म्हटलं, माझी दुसरी 'किंटू' आहे, नंतरची अमेरिकन आवृत्ती, कोरी. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "त्यातही वंशावळ काढून द्याल?" आज रात्री पेन्सिल घेऊन बसणार आहे.